विहिरी बुजवण्याआधी त्यांची उष्णता मोजा

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक,
ऑइल अँड नॅचरल गॅस कॉर्पोरेशन

महोदय,


मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत, अरबी समुद्राच्या तळाखाली ओएनजीसीने गेल्या पन्नास वर्षांत शेकडो विहिरी खणल्या. मुंबई हायवरच्या त्या विहिरींपैकी कित्येक आता थकल्या आहेत. तेल कमी आणि पाणी जास्त वर येते. खर्च परवडेनासा झाला की अशा विहिरीत सिमेंट भरून ती कायमची बंद करावी लागते. समुद्राच्या सुरक्षिततेसाठी ते आवश्यकच आहे आणि त्याला माझा विरोध नाही. माझी विनंती त्याआधीच्या कामाबद्दल आहे. सिमेंट ओतण्यापूर्वी प्रत्येक विहिरीचे तळापासून वरपर्यंतचे तापमान नीट मोजा, ते देशासमोर ठेवा, आणि निदान एका प्लॅटफॉर्मवर त्या उष्णतेपासून वीज करून दाखवा.

मी रत्नागिरी जिल्ह्यातला निवृत्त विज्ञान शिक्षक आहे. आमच्याकडे बऱ्याच घरांतला एखादा मुलगा ‘रिगवर’ असतो; चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. त्यामुळे मुंबई हाय आम्हाला परके नाही. गरम पाण्याची कुंडेही आम्हाला परकी नाहीत. समुद्राखालचे तेल आणि किनाऱ्यालगतचे गरम झरे या दोन गोष्टी मी वर्गात वेगवेगळ्या धड्यांत शिकवत आलो. त्यांचा एकत्र विचार करण्याची वेळ आली आहे, असे मला तळमळीने वाटते, म्हणून हे पत्र.

समुद्रतळाखालच्या उष्णतेबद्दल बोलताना माणसे एकदम फार मोठी स्वप्ने पाहू लागतात. त्याला कारणही आहे. पृथ्वीच्या पोटातून रात्रंदिवस बाहेर पडणारी उष्णता साधारण ४७ टेरावॉट आहे. तिच्यातला दोन तृतीयांशांच्या आसपासचा वाटा समुद्राच्या तळातून बाहेर येतो. साऱ्या जगाची वीजनिर्मिती सरासरीने साडेतीन टेरावॉटच्या आगेमागे आहे. हे आकडे शेजारी शेजारी मांडले की समुद्राखाली अक्षय भांडार आहे आणि आपण उगाच कोळसा जाळतो, असे वाटू लागते.

पण ही उष्णता फार विरळ पसरलेली आहे. समुद्रतळाच्या एका चौरस मीटरमधून वर येते ती वॉटचा जेमतेम दहावा भाग. आपल्या जमिनीच्या मापात सांगायचे तर एका गुंठ्याला दहा वॉट. आणि तीही वीज नव्हे, नुसती ऊब. म्हणून ही उष्णता जिथे निसर्गानेच एकवटून ठेवली आहे, अशा जागा शोधाव्या लागतात. अशा जागा दोन प्रकारच्या. पहिली, जिथे समुद्रतळ दुभंगून खालचा तप्त रस वर येतो. दुसरी, जिथे खडकाच्या जाड थरांखाली लाखो वर्षांची उष्णता साठून राहिली आहे आणि तिला वर यायला वाट नाही.

पहिल्या प्रकारच्या जागा डोळे दिपवणाऱ्या आहेत. १९७७ मध्ये गालापागोस बेटांजवळ ‘ॲल्विन’ या पाणबुडीतून अडीच किलोमीटर खोल गेलेल्या शास्त्रज्ञांना तळातून निघणारे गरम झरे दिसले आणि त्यांच्याभोवती, सूर्यप्रकाशाचा कणही पोचत नाही अशा अंधारात, जिवांची दाटी दिसली. दोन वर्षांनी पूर्व पॅसिफिकमध्ये काळ्या धुरासारखे पाणी ओकणाऱ्या चिमण्या सापडल्या. त्या पाण्याचे तापमान साडेतीनशे अंशांच्याही वर होते. वरून इतका दाब असतो की एवढ्या तापमानालाही ते पाणी उकळत नाही. आपल्या हिंदी महासागरातही असे झरे आहेत. गोव्यात वास्कोला असलेली राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन संस्था आणि चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था यांनी मिळून साडेचार हजार मीटर खोलीवरच्या एका जिवंत झऱ्याचे छायाचित्र घेतल्याचे २०२४ च्या डिसेंबरमध्ये जाहीर झाले. ती बातमी वाचून मला फार आनंद झाला. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना मी ती मुद्दाम पाठवली.

तरीही त्या झऱ्यावर वीज करण्याची भाषा कोणी करू नये, असे मला वाटते. साडेचार किलोमीटर पाण्याखाली, किनाऱ्यापासून हजारो किलोमीटरवर केलेली वीज आणायची कशी आणि कोणासाठी? शिवाय त्या झऱ्यांभोवती जे जीव राहतात ते दुसरीकडे कुठेच राहत नाहीत. हिंदी महासागरातल्या मोजक्या झऱ्यांवर एक गोगलगाय सापडते. तिच्या पायावरच्या खवल्यांत लोहाची संयुगे असतात. समुद्रतळावरच्या खाणकामाच्या धोक्यामुळे २०१९ मध्ये तिची नोंद धोक्यातल्या प्रजातींच्या लाल यादीत झाली. जगाने तिला नुकतेच ओळखले आणि लगेच तिच्या काळजीची वेळ आली. तिच्या घरातून वीज काढण्याचे पाप आपण पदरात घेऊ नये.

इतर देशांनी काय केले, हेही पाहावे. मेक्सिकोत हेरार्दो हिरियार्ट या अभियंत्याने कॅलिफोर्नियाच्या आखातातल्या झऱ्यांवर समुद्राखालीच जनित्र बसवण्याची कल्पना मांडली. इटलीत टिऱ्हेनियन समुद्रातल्या मार्सिली या बुडालेल्या ज्वालामुखीची चर्चा बरीच वर्षे झाली. सुमारे सत्तर किलोमीटर लांबीचा हा पर्वत, माथा पाण्याखाली पाचशे मीटरच्या आसपास. योजना झाल्या, चित्रे काढली गेली, वीज मात्र आली नाही. सर्वांत पुढे गेले ते आइसलँडवाले, कारण त्यांच्याकडे अटलांटिकची मधली डोंगररांग रेक्यानेस इथे समुद्रातून सरळ जमिनीवर चढते. तिथे २०१६ च्या ऑगस्टपासून पुढच्या जानेवारीपर्यंत खोदकाम करून त्यांनी ४,६५९ मीटर खोल विहीर नेली आणि तळाशी ४२६ अंश तापमान मोजले. समुद्राचे पाणी त्या दाबाला आणि तापमानाला धड द्रवही राहत नाही आणि धड वाफही होत नाही, अशा अवस्थेपर्यंत माणूस पोचला. पण विहिरीच्या पोलादी नळीला इजा झाली आणि अडचणी सुरू झाल्या. हे सारे जमिनीवर उभे राहून. समुद्रात उतरून तळाखालच्या उष्णतेतून व्यापारी तत्त्वावर वीज करणारे केंद्र आज जगात एकही नाही.

मग मी आपल्याला कशासाठी लिहितो आहे? दुसऱ्या प्रकारच्या जागेसाठी. ती आपल्या ताब्यात आहे.

कोकणाचा नकाशा समोर घ्या. पालघरकडच्या कोकनेर, सातिवलीपासून वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, मग रायगडात पालीजवळचे उन्हेरे आणि महाडजवळचे सव, पुढे रत्नागिरीत दापोलीचे उन्हवरे, संगमेश्वराकडचे आरवली, तुरळ, राजवाडी आणि शेवटी राजापूरचे उन्हाळे. साडेतीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात, किनाऱ्याला समांतर, गरम पाण्याच्या झऱ्यांची ओळच्या ओळ आहे. उन्हवऱ्याचे पाणी सत्तर अंशांच्या आसपास असते. ही ओळ योगायोगाने पडलेली नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा पसरला त्याच सुमारास सेशेल्सचा तुकडा भारतापासून तुटून दूर सरकू लागला. त्या ओढाताणीत पश्चिम किनाऱ्याचे कवच ताणले गेले, पातळ झाले, त्याला किनाऱ्याला समांतर भेगा पडल्या. पावसाचे पाणी त्या भेगांतून खोल जाते, तापते आणि वर येते. आयआयटी मुंबईचे भूशास्त्रज्ञ डी. चंद्रशेखरम यांनी या झऱ्यांचा बरीच वर्षे अभ्यास केला. पाण्यात विरघळलेल्या क्षारांवरून खालच्या साठ्याच्या तापमानाचा अंदाज बांधता येतो. कोकणाखालच्या साठ्यांसाठी ते अंदाज शंभर अंशांच्या वर जातात.

भेगा आणि ताणलेले कवच किनाऱ्यावर संपत नाहीत. ते समुद्राखाली पुढे जातात, आणि तिथेच मुंबई हाय आहे. इथे पाण्याची खोली अवघी ७५ मीटरच्या आसपास. तळाखाली गाळाचे आणि चुनखडकाचे थर, त्यांच्याखाली दख्खनचा काळा पाषाण आणि प्राचीन ग्रॅनाइट. जगात सर्वसाधारणपणे एक किलोमीटर खोल गेले की तापमान पंचवीस-तीस अंशांनी वाढते. खंबातच्या खोऱ्यात आणि मुंबई हायच्या परिसरात हा दर त्याहून बराच जास्त आहे, हे तेलक्षेत्रातल्या भूशास्त्रज्ञांना पूर्वीपासून माहीत आहे. म्हणूनच जेमतेम दीड किलोमीटर खोलीवरच्या चुनखडकातही तापमान शंभर अंशांच्या आगेमागे पोचते. गाळाचे थर गोधडीसारखे वर पसरलेले आहेत, त्यामुळे खालची ऊब खालीच राहिली.

हे मी आपल्याला नवीन सांगत नाही. आपल्या अभियंत्यांनी विहीर खणताना तापमान मोजलेले असते, नाहीतर योग्य सिमेंट निवडता येणार नाही. पण ते मोजमाप तेलासाठी होते. उष्णतेसाठी मोजायचे म्हणजे विहीर काही काळ शांत ठेवून, खोदकामाच्या चिखलाने आणि आत ढकललेल्या पाण्याने झालेला गारवा ओसरू देऊन, मग थरागणिक नोंद घ्यायची. तशी नोंद विहीर उघडी असेपर्यंतच घेता येते. सिमेंट भरल्यावर त्याच जागी पुन्हा तापमान पाहायचे म्हटले तर नवी विहीर खणावी लागेल.

माझ्या विनंतीचा गाभा इथे आहे. भूऔष्णिक विजेच्या जमिनीवरच्या प्रकल्पातही निम्म्याच्या आसपास खर्च खोदकामावर होतो. समुद्रात तर रिगचे एका दिवसाचे भाडेच छाती दडपवणारे. इतर देश समुद्राखालच्या उष्णतेजवळ जात नाहीत त्याचे पहिले कारण हे भोक पाडण्याचा खर्च आहे. आणि मुंबई हायवर भोके पाडून झालेली आहेत. त्यांचे पैसे भरून झालेले आहेत, ते या देशाच्या तिजोरीतून आणि तेलाच्या उत्पन्नातून भरले गेले. प्लॅटफॉर्म उभे आहेत, उरणपर्यंत नळ गेलेले आहेत, हेलिकॉप्टर रोज जुहूहून उडते आहे. जगातल्या दुसऱ्या कुणाला हा प्रयोग करायचा असेल तर त्याला शून्यातून सुरुवात करावी लागेल. आपल्याला नाही.

आता यातून किती वीज मिळेल, ते स्पष्ट बोलू या, कारण फुगवलेल्या आकड्यांनी चांगल्या कामांचे फार नुकसान केले आहे. समजा, एका प्रक्रिया प्लॅटफॉर्मवर अनेक विहिरींचे मिळून सेकंदाला शंभर लिटर पाणी तेलापासून वेगळे होते आणि ते नव्वद अंशांना आहे. ते पन्नास अंशांपर्यंत थंड केले तर सुमारे पावणेसतरा मेगावॉट उष्णता हाती येते. एवढ्या कमी तापमानाच्या उष्णतेचे विजेत रूपांतर करताना सात-आठ टक्के टिकले तरी पुष्कळ. म्हणजे सव्वा मेगावॉटच्या आसपास. पंपांची वीज वजा केली की एक मेगावॉट म्हणा. यावर मुंबईचे एक उपनगरही चालणार नाही. पण त्या प्लॅटफॉर्मवरचे दिवे, नियंत्रण कक्ष, काही पंप, माणसांच्या राहण्याची सोय यांचा मोठा भाग चालू शकतो. आज त्यासाठी तिथलाच वायू टर्बाइनमध्ये जाळला जातो.

साठा म्हणून पाहिले तर चित्र मोठे होते. एक घनकिलोमीटर खडक केवळ दहा अंशांनी थंड झाला तर त्यातून सहाशे कोटी युनिटांहून अधिक उष्णता सुटते. तिचा दहावा हिस्सा वर आणता आला आणि विजेत होताना आठ टक्केच उरले, तरी पाच कोटी युनिट वीज होते. हे गणित कागदावरचे आहे. कागदावरचे गणित खरे की खोटे, हे सांगायला मोजमाप लागते, आणि मोजमापाच्या जागा आपण एकेक करून बंद करतो आहोत.

इतक्या कोमट पाण्यावर वीज होते का, अशी शंका कोणी घेईल. होते. अलास्कातल्या चेना इथे २००६ पासून ७४ अंशांच्या पाण्यावर वीज होते. तिथे थंड करायला बर्फासारखे पाणी मिळते, आपल्याकडे समुद्र अठ्ठावीस-तीस अंशांचा, एवढा फरक लक्षात ठेवला पाहिजे. तेलक्षेत्रातले उदाहरण हवे असेल तर अमेरिकेत वायोमिंग राज्यातल्या टीपॉट डोमला २००८ मध्ये तेलविहिरींतून येणाऱ्या गरम पाण्यावर अडीचशे किलोवॉटचे यंत्र बसवले गेले. चीनच्या हुआबेई तेलक्षेत्रात २०११ मध्ये चारशे किलोवॉटचे. या यंत्रांत पाण्याची वाफ करत नाहीत. पाण्याची उष्णता दुसऱ्या, लवकर उकळणाऱ्या द्रवाला देतात. त्या द्रवाच्या वाफेवर टर्बाइन फिरते, मग थंड केल्यावर त्या वाफेचा पुन्हा द्रव होतो. तंत्र जुने आणि पारखलेले आहे. ते प्लॅटफॉर्मवर नेऊन लावणे, हे मात्र नवे आहे.

आपल्या अभियंत्यांचे आक्षेप मला ठाऊक आहेत आणि ते पोकळ नाहीत. चुनखडकातून येणारे पाणी नळ्यांत क्षारांचे थर धरते. त्यात हायड्रोजन सल्फाइड असतो, तो धातू खातो. लवकर उकळणाऱ्या द्रवांपैकी पेंटेनसारखे ज्वालाग्राही असतात, आणि तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मवर आणखी एक ज्वालाग्राही साठा ठेवणे ही हलक्याने घेण्याची गोष्ट नाही. २७ जुलै २००५ ला मुंबई हाय नॉर्थचा प्लॅटफॉर्म जळाला आणि २२ माणसे गेली, हे कोकणातली घरे विसरलेली नाहीत. त्यामुळे सुरक्षेच्या बाबतीत एक पाऊलही घाईने टाकू नका, असे मीच म्हणेन. पेटत नाहीत असे द्रवही उपलब्ध आहेत. त्यांतले काही हवेत गळले तर तापमानवाढीला हातभार लावतात, म्हणून तेही पारखून घ्यावे लागतील. डेकवर जागा कमी असते आणि प्रत्येक टनाचा हिशोब द्यावा लागतो. हे सगळे खरे आहे. हे प्रश्न अभियांत्रिकीचे आहेत, आणि अभियांत्रिकीचे प्रश्न सोडवणारी माणसे या देशात सर्वांत जास्त कुठे असतील तर ती आपल्याच कंपनीत आहेत.

आणखी एक आक्षेप अधिक वजनाचा आहे. टर्बाइनच्या धुराड्यातून चार-पाचशे अंशांची हवा वाया जाते, आधी ती का वापरू नये? जरूर वापरावी. जिथे ती वाया जात असेल तिथे आधी तीच वापरावी, तिच्यातून वीज जास्त आणि सोपी मिळेल. पण ती उष्णता वायू जळतो आहे तोवरच आहे. ज्या दिवशी वायू संपेल त्या दिवशी धुराडेही थंड होईल. खडकाची उष्णता तेव्हाही तिथेच असेल.

ऐंशीच्या दशकापासून आपण मुंबई हायच्या थरांत समुद्राचे पाणी दाबाने ढकलत आहात, तेल पुढे रेटण्यासाठी. त्या पाण्याने काही ठिकाणी खडक थंड केला असेल. कुठे आणि किती, हे आपल्या नोंदी एकत्र मांडल्या तर कळेल. मला ही माहिती साऱ्यांत मोलाची वाटते. खडकात गार पाणी सोडले की तो किती वर्षांत, किती अंतरापर्यंत थंड होतो, हा भूऔष्णिक शास्त्रातला कळीचा प्रश्न आहे. त्यासाठी जगभर लहान लहान प्रयोग मांडले जातात. मुंबई हायवर हा प्रयोग चाळीस वर्षे, आपोआप, प्रचंड प्रमाणावर होत आला आहे. त्याचा निकाल वाचणे तेवढे बाकी आहे.

भूकंपाची भीती कोणी काढली तर तिचीही टिंगल करू नये. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का आमच्या पिढीने अनुभवला आहे. मी सुचवतो त्यात मात्र नवी विहीर नाही, खडक फोडणे नाही, नवा दाबही नाही. जे पाणी आज वर येतेच आहे त्याची उष्णता काढून घ्यायची, एवढेच. समुद्रात सोडल्या जाणाऱ्या पाण्याला त्यामुळे गारवाच येईल. प्लॅटफॉर्मभोवतीच्या पाचशे मीटरच्या बंदीत मच्छीमारांच्या दृष्टीने काहीही वाढणार नाही. कोळी बांधवांना हे आधी, त्यांच्या बंदरावर जाऊन, त्यांच्या शब्दांत सांगावे.

हे आग्रहाने लिहिण्याचे कारण आहे. कोकणात ऊर्जेचे प्रकल्प येतात ते बहुधा वरून, ठरवून, आणि माहिती शेवटी. २०२३ च्या एप्रिलमध्ये राजापूर तालुक्यात बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती-परीक्षणाची बोअर मारायला यंत्रे आली तेव्हा गावकऱ्यांचा केवढा विरोध झाला, ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. लडाखमध्ये, पुगा खोऱ्यात, चौदा हजार फुटांवर भूऔष्णिक विजेसाठी २०२१ मध्ये आपल्याच कंपनीने करार केला. पुढच्या वर्षी खोदकामाच्या वेळी विहिरीतले पाणी बाहेर वाहिले तेव्हा तिथल्या लोकांनीही प्रश्न विचारले. पुगाचे काम मला मनापासून मोलाचे वाटते आणि ते यशस्वी व्हावे ही इच्छा आहे. पण तिथे मिळालेला धडा असा की, भूगर्भात काय आहे हे लोकांपासून दूर ठेवून त्यांचा विश्वास मिळत नाही. मुंबई हायच्या तापमानाची माहिती उघडी केली तर सुरुवातच वेगळी होईल.

ती ठेवायला जागाही आहे. हायड्रोकार्बन महासंचालनालयाने २०१७ पासून राष्ट्रीय माहिती भांडार चालवले आहे. तेलाच्या साठ्यांची माहिती व्यापारी गुपित असू शकते, हे मान्य. दोन हजार मीटरवर खडक किती गरम आहे, यात कोणते गुपित आहे? ती माहिती विद्यापीठांना, आयआयटींना, गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थांना, अगदी आमच्या रत्नागिरीच्या महाविद्यालयातल्या मुलांनाही विनामूल्य मिळावी. त्यातून दहा प्रबंध निघतील, त्यातला एखादा आपल्या उपयोगी पडेल.

वेळही जुळून आली आहे. नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने २०२५ च्या सप्टेंबरमध्ये भूऔष्णिक ऊर्जेचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. सोडून दिलेल्या तेलविहिरींचा वापर त्यात स्पष्टपणे धरलेला आहे. २०३८ पर्यंत आपल्या कामकाजातले कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याचे ओएनजीसीने स्वतःहून सांगितले आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई हायचे उत्पादन वाढवण्यासाठी बीपी या कंपनीची तांत्रिक सेवा घेण्याचे आपण जाहीर केले. म्हणजे जुन्या विहिरींचा एकेक करून फेरविचार तसाही होणारच आहे. त्या फेरविचारात तापमानाचा एक रकाना वाढवा. विहिरीत उपकरणे उतरवायचीच आहेत, तर हे मोजमाप त्याच फेरीत होऊ शकते. त्याचा वेगळा खर्च एकूण खर्चाच्या मानाने अगदी किरकोळ असेल. बंद करण्याच्या यादीतल्या विहिरींना मात्र आधी घ्या, कारण त्यांच्यासाठी पुन्हा संधी नाही.

ओएनजीसीचा इतिहास मी मुलांना अभिमानाने शिकवला. भारतात तेल नाही, असे परदेशी कंपन्यांचे जाणकार सांगत होते तेव्हा त्या वेळचे केंद्रीय मंत्री केशवदेव मालवीय यांनी ते मानायला नकार दिला आणि १९५६ मध्ये ही संस्था उभी राहिली. साठच्या दशकात सोव्हिएत जहाजाने खंबातच्या आखातात आणि त्याच्या दक्षिणेला सर्वेक्षण केले. १९७४ च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ या रिगने मुंबई हायवर तेल शोधले आणि १९७६ च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झाले. त्या काळात समुद्रात विहीर खणण्याचा अनुभव या देशात नगण्य होता. तरी ते झाले. आणि त्याच ‘सागर सम्राट’ला आपण भंगारात काढले नाही. खोदकामाचे आयुष्य संपल्यावर त्याचे उत्पादन करणाऱ्या प्लॅटफॉर्ममध्ये रूपांतर केले, आणि २०२२ च्या डिसेंबरमध्ये ते पुन्हा कामावर रुजू झाले. जुन्या रिगला जे भाग्य लाभले ते जुन्या विहिरींनाही लाभावे, एवढेच मी मागतो आहे.

म्हणून महोदय, आपल्या अधिकारात असलेल्या तीन गोष्टी कराव्यात. यापुढे तापमानाची स्थिर नोंद घेतल्याशिवाय मुंबई हायची एकही विहीर कायमची बंद करू नये, असा आदेश काढावा. आजवरच्या तापमानाच्या नोंदी राष्ट्रीय माहिती भांडारात सर्वांसाठी खुल्या कराव्यात. आणि ज्या प्लॅटफॉर्मवर पाणी सर्वांत गरम आणि सर्वांत जास्त आहे, तिथे शे-दोनशे किलोवॉटचा का होईना, एक प्रयोग उभा करावा. तो फसला तर का फसला, तेही छापावे. पुढच्या माणसाला त्याचाही उपयोग होतो.

यातली पहिली गोष्ट आज सहीने होऊ शकते. तिला ना परदेशी तंत्र लागते, ना मंत्रिमंडळाची मंजुरी. पुढची विहीर बंद करण्याचा कागद आपल्या टेबलावर येईल तेव्हा तिचे तापमान मोजले का, एवढे जरूर विचारा.



आपला,
रत्नागिरी जिल्ह्यातला एक निवृत्त विज्ञान शिक्षक